जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवणाऐवजी

औषधाच्या दुकानात कात्री नसती तर माझी शुगर कधीच आटोक्यात आली असती, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या जळगाव जामोदात दहा गोळ्यांचं अख्खं पाकीट कुणी घेत नाही. बाजाराला आलेला माणूस ‘आठ दिवसाच्या दे, बाकीच्या पुढच्या बाजाराले’ म्हणतो, दुकानदार कात्री चालवतो, आणि पाकिटाची वाटणी होते. औषधाचं नाव जामोदला जातं, मुदत संपायची तारीख आसलगावला जाते, किंमत दुकानातच राहते आणि माझ्या हाती येतो चार गोळ्यांचा एक चंदेरी तुकडा. त्याच्या पाठीवर फक्त ‘मिन हायड्रो’ एवढंच उरलेलं असतं.

मग मी गोळ्या रंगावरून ओळखायला शिकलो. पांढरी लांबट, पांढरी गोल, पांढरी पण जराशी लहान गोल, आणि एक गुलाबी. गुलाबीवर माझा फार भरवसा होता. एके दिवशी तीही पांढरी निघाली.

“हे काय दिलं?” मी दुकानदाराला विचारलं.

“तेच आहे भाऊ. कंपनी बदलली.”

“मग मी ओळखू कशावरून?”

“ओळखायची कायले? गिळायची.”

बोलणं पटण्यासारखं होतं, पण मला गप्प बसवत नव्हतं. कारण माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे. दिवसभर दुसऱ्याला डोस सांगायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, हाच माझा धंदा. 15 लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचं, कशात काय मिसळायचं नाही, भर उन्हात फवारायचं नाही, डब्यावरचा त्रिकोण लाल असला तर हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कास्तकार सगळं ऐकून घेतो आणि निघताना हळूच विचारतो, “भाऊ, दोन टोपनं जास्त टाकले तं लवकर मरन काय?”

“कोण? अळी, का तू?” हा माझा ठरलेला जवाब.

आणि रात्री घरी पुरणाचा वास सुटला की मी गोळ्यांच्या डबीकडे जसा बघतो, तो अगदी त्या कास्तकारासारखाच. दोन टोपणं जास्त टाकली तर?

डॉक्टरांनी मला चार गोळ्या लावून दिल्या आहेत, आणि चौघींचं जेवणाशी नातं निरनिराळं आहे. पहिली ग्लिमेपिराइड. ती सकाळच्या नाश्त्याच्या जरा आधी घ्यायची आणि मग नाश्ता करायचाच. तिला ताटकळत ठेवलेलं चालत नाही. दुसरी व्होग्लिबोज, ती पहिल्या घासाबरोबर. आता पहिला घास कोणता, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. भाकरी पानात पडेपर्यंत मी कांद्याची फोड आणि चिमूटभर ठेचा तोंडात टाकतो. तो घास धरायचा का? तिसरी मेटफॉर्मिन. ती जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या, नाहीतर पोटात ढवळायला लागतं. या गोळीला माशांसारखा वास येतो. आमचं घर माळकरी. पहिल्याच दिवशी हिने डबी उघडली, नाक मुरडलं आणि विचारलं, “काल रात्री नांदुऱ्याला गेले होते म्हणता, ते जेवले कुठं?”

चौथी ग्लिप्टिनच्या कुळातली. तिच्याबद्दल डॉक्टर म्हणाले, “ही जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, कधीही घ्या.” कधीही घ्यायची गोळी माणूस कधीच घेत नाही.

शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं की एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. दुकानदार माणसाला हे पचायला फार जड जातं. उन्हाळ्यातली उधारी दिवाळीला वसूल करण्यात माझा जन्म गेला. सकाळची थकबाकी संध्याकाळी का फेडायची नाही?

पण खरा घोळ चुकलेल्या गोळीचा नसतो. घेतली की चुकली, हेच आठवत नाही तेव्हा घोळ होतो. मग घरात साक्षीपुरावे सुरू होतात. “तुम्ही पाणी पिले, ते मी पाहिलं.” “पाणी ठसका लागला म्हणून पिलो.” “आबा, तुम्ही तोंड वाकडं केलं होतं.” “ते उपम्याला.” हा रोजचा खटला मिटावा म्हणून पुण्याच्या पुतण्याने सात वारांच्या सात कप्प्यांची डबी आणून दिली. सात कप्पे दिसले, तशी हिने त्यात जिरं, मोहरी, हळद भरायला घेतली. ती कशीबशी सोडवून आणली, तर कप्प्यांवर इंग्रजी अक्षरं. ‘टी’ मंगळवारचाही आणि गुरुवारचाही, ‘एस’ शनिवारचाही आणि रविवारचाही. त्या आठवड्यात आमच्या घरी गुरुवार दोनदा आला आणि मंगळवार आलाच नाही.

2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचं म्हटलं होतं. त्यांना सल्ला देणाऱ्यांची मोजणी मात्र कुणी केली नाही. आमच्या एका गल्लीतच एखाद्या राज्याला पुरतील एवढे भरतील. एक जण मेथीदाणे भिजवायला सांगतो, दुसरा जांभळाच्या बियांची पूड आणून देतो, तिसरा कारल्याच्या रसात पाय बुडवून बसायला लावतो. आमचे शेजारी तर गोळीला हातही लावत नाहीत.

“आपलं सगळं झाडपाल्याचं,” ते म्हणतात. “तुमची ती कारखान्यातली गोई म्हणजे निव्वळ केमिकल.”

मी त्यांना सांगितलं की मेटफॉर्मिनचं मूळही एका झुडपातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती होते. जुने वैद्य ती देत. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत रसायनशास्त्रज्ञांनी हे औषध घडवलं, आणि 1957 साली ज्याँ स्टर्न नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेहासाठी दिल्याचा निष्कर्ष छापून आणला.

शेजाऱ्यांचे डोळे चमकले. “मंग ते झाडच कुठं भेटते ते सांगा ना! गोयी कायले घ्याच्या?”

“ते खाऊन मेंढ्या मरतात.”

“आपल्या इकडच्या मेंढ्या नाही मरनार,” ते ठामपणे म्हणाले.

याच शेजाऱ्यांनी एकदा आमच्या भाच्याच्या नावाने आळीभर बोंब केली होती. भाच्याला नव्या जातीची गोळी चालू आहे, डापाग्लिफ्लोझिन. त्याच्या वावरातल्या बांधावर मुंग्यांची रांग दिसली आणि शेजाऱ्यांनी निकाल दिला, “पोरगं हाताबाहेर गेलं. लघवीले मुंग्या लागल्या.” आता त्या गोळीचं कामच मुळी रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढायचं. मुंग्या आल्या, याचा अर्थ गोळी कामावर हजर आहे. भाच्याला डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, स्वच्छता ठेवायला सांगितलीय, आणि उलट्या-जुलाब होऊन खाणं-पिणं सुटलं तर गोळी तशीच रेटू नको, आधी फोन कर, असंही बजावलंय. एवढं सगळं बांधावर उभं राहून शेजाऱ्यांना कोण समजावणार? भाच्याने बांध बदलला.

पण या सगळ्या मंडळींनी एकदिलाने काम केलेलं मी पाहिलं ते संग्रामपूरकडच्या एका लग्नात.

मुहूर्त दुपारी 12 वाजून 21 मिनिटांचा. त्या हिशेबाने मी सकाळी ग्लिमेपिराइड घेतली आणि पंगतीसाठी पोटात जागा राहावी म्हणून फिक्या चहाबरोबर एका टोस्टवर नाश्ता आटोपला. नवरदेव मात्र मारोतीच्या देवळापाशी डीजेसमोर अडकला होता. तो आला तेव्हा आशीर्वाद द्यायला पुढारी आले. एकाने माईक धरला म्हणून दुसऱ्यानेही धरला. तिसऱ्याने तर वधू-वरांना शुभेच्छा देता देता सिंचनाचा प्रश्नही मांडला. दोन वाजून गेले. माझ्या हातातल्या अक्षता आपोआप खाली पडायला लागल्या, कारण हात थरथरत होता. कपाळावर घाम, छातीत धडधड, आणि पोटात अशी भूक की समोरचा फेटेवाला पाहुणा मला लाडवासारखा दिसू लागला.

“भाऊले गॅस झाला,” पहिलं निदान.

“गॅस नाही, बीपी आहे. लिंबू चाटवा.”

“नजर लागली. जाकीट नवं आहे ना.”

“कांदा हुंगवा.”

“जोडा हुंगवा.”

मी जीव गोळा करून म्हणालो, “साखर… साखर आणा.”

आणि आमचे साळे दोन्ही हात पसरून आडवे आले. “खबरदार! भाऊजींना शुगर आहे. कुणी साखरेचा कणसुद्धा देऊ नका!”

क्षणात माझ्याभोवती कडं उभं राहिलं. माझी साखर पाताळात चालली होती आणि अख्खा मंडप प्राणपणाने मला साखरेपासून वाचवत होता. एक पोरगा बुंदीचं घमेलं घेऊन जवळून जात होता, त्यालाही लांबून फिरवून नेलं. कुणीतरी मोठ्या मायेने शुगर-फ्रीची गोळी पाण्यात घोळून माझ्या तोंडाशी धरली.

त्या कड्यातून वाट काढत आला तो आचारी. उघडं अंग, कमरेला पंचा, खांद्यावर झारा. “सरका ना बापा,” म्हणत त्याने मला खाली बसवलं आणि थेट मुद्द्याला हात घातला. “गोई कोनची घेता? पयल्या घासाची पांढरी लहान हाय का त्यात?”

मी मान हलवली.

“मंग साध्या साखरेनं उशीर लागन. ते गोई साखर फुटूच देत नाही पोटात.” त्याने पंच्याच्या गाठीतून ग्लुकोजची पुडी काढली, तीन चमचे पाण्यात कालवून मला पाजलं आणि फर्मावलं, “आता 15 मिनिटं गप बसा. बुंदीकडं पाहू नका. तुपातलं गोड हळू चढते.”

15 मिनिटांनी मला पुन्हा पुढाऱ्याचं भाषण ऐकू येऊ लागलं. तो अजून सिंचनावरच होता. आचाऱ्याने पोळीचा तुकडा आणि वरण पुढे सरकवलं.

“तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?” मी विचारलं.

“गोडाचा आचारी हाय ना मी,” तो म्हणाला. “जन्मभर पाक चाखला.”

नंतर वाचनात आलं की ग्लिमेपिराइडचं घराणंच मुळी अशा घामाघूम माणसांमधून जन्माला आलं. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए गावी डॉक्टर जाँबाँ टायफॉईडच्या रोग्यांना एक नवं सल्फा औषध देत होते. रोगी चक्कर येऊन कोसळायला लागले, तेव्हा कळलं की औषध रक्तातली साखर उतरवतंय. म्हणजे मला मंडपात झालं ते फ्रान्सात कधीच होऊन गेलं होतं. तिथे फक्त जोडा हुंगवणारे नसावेत.

गावात परतेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. ज्यांच्याकडे माझी उधारी होती, ते सगळ्यात आधी चौकशीला आले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती की आशा, हे मला अजून सांगता येत नाही. निदानावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, ‘गोई गरम पडली.’ लग्न उशिरा लागलं हे कारण कुणालाच पुरेसं वाटलं नाही.

“बंद करा त्या गोया,” एक काका म्हणाले. “किडनी खातात त्या.”

या बोलण्याला आमच्याकडे कुणी हसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी जिभेवर टेकवलं तरी खारट. किडनीच्या आजाराने गेलेलं माणूस माहीत नाही असं गाव जवळपास नाही. त्यामुळे मी हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत नेला. त्यांनी सांगितलं, मेटफॉर्मिन किडनी खात नाही. किडनी आधीच थकलेली असेल तर ती किती द्यायची, द्यायची की नाही, हे क्रिएटिनिन तपासून ठरवतात, म्हणून ती तपासणी चुकवायची नाही. किडनी खाते ती वाढलेली शुगर. मी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं.

“मी तं दोन वर्षं झाले गोई सोडून,” काका म्हणाले. “किडनी वाचली माही.”

“आणि शुगर?”

“ते आहे चारशे. पन किडनी वाचली.”

माझ्या दुकानात आता कीटकनाशकापेक्षा गोळ्यांचीच चौकशी जास्त होते. परवा एक म्हातारं गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं झालं आणि इकडेतिकडे बघून कुजबुजलं, “भाऊ, गोई जशीच्या तशी बाहेर आली.”

“कुठून?”

“जिथून याले पाह्यजे तिथूनच. अख्खी! दुकानदारानं फसवलं. वापस न्याव काय?”

मी घाईघाईने त्यांचा हात धरला. काही मेटफॉर्मिनच्या गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या असतात. औषध दिवसभर झिरपून रक्तात जातं आणि गोळीचा रिकामा सांगाडा तेवढा बाहेर पडतो, हे मी त्यांना समजावलं. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी गोळी खलबत्त्यात कुटून मधातून चाटवायला लागली. म्हणजे दिवसभर पुरवायचा माल एका झटक्यात पोटात! पुन्हा समजवायला त्यांच्या घरी जावं लागलं. असली गोळी कुटायची नाही, चावायची नाही, मोडायचीही नाही. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन एकादशीले चालते काय?”

“पाणी चालतं ना? मग गोळीही चालते. पण उपासाला कोणती घ्यायची नि कोणती थांबवायची हे डॉक्टरला विचारा.”

“उपास म्हनजे काही कडक नाही आमचा. साबुदाना, भगर, आलू, राजगिऱ्याचे लाडू, केयी…”

“मग सगळ्याच घ्या,” मी म्हणालो.

आमच्या तालुक्यात भविष्य सांगायची एक जुनी रीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भेंडवळला घटमांडणी होते. वाघ घराण्यातले महाराज शेतात घट मांडतात, भोवती 18 धान्यं, मध्ये पाण्याची घागर, पुरी, पापड, करंजी, पानविडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला धान्यं कुठे सरकली ते पाहून पाऊस कसा, पीक कसं, राजा टिकेल की नाही, हे जाहीर होतं. बियाण्यांच्या दुकानात बसून त्या भाकिताकडे दुर्लक्ष करायची माझी टाप नाही. कपाशी मोघम आली की माझी निम्मी पाकिटं पडून राहतात. पण खरी गोष्ट अशी की घटात करंजी म्हणजे तिजोरी, आणि आमच्या घरी दिवाळीत अशीच एक मांडणी डब्यात होते. रात्री करंज्या मोजून ठेवायच्या, सकाळी पुन्हा मोजायच्या, आणि कमी भरल्या की त्यावरून हिने माझ्या शुगरचं भाकीत सांगायचं. पावसाचं कधी चुकतं, हिचं अजून चुकलेलं नाही.

आखाजीचा दिवस म्हणजे आमरसाचा. त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून अगदी सभ्य भाषेत भाव केला होता. “दोन वाट्या रस, बदल्यात एक मेटफॉर्मिन जादा. कसं?”

“भाऊ, गोळी रस पुसून काढत नाही,” डॉक्टर म्हणाले. “ती यकृताला सांगते, साखर जरा कमी बनव. आज जादा घेतली म्हणून आजची वाटी माफ होत नाही. पोट तेवढं बिघडेल.”

“अर्धी वाटी?”

“अर्धी वाटी खा, पोळी कमी कर, गोळी आहे तेवढीच.”

याला मी तडजोड समजलो आणि अर्ध्या वाटीसाठी घरातली सगळ्यात मोठी वाटी शोधली.

तपासणीची तारीख जवळ आली की मी संत होतो. चार दिवस फक्त भाकरी, पालेभाजी, पहाटे फिरणं, नाक्यावरच्या कचोरीकडे पाठ. उपाशीपोटी आकडा आला 98. मी छाती पुढे काढून लॅबमधल्या पोराला म्हटलं, “आता गोळी बंद करायला हरकत नाही.” तेवढ्यात दुसरा कागद छापून आला. एचबीएवनसी 9.2. हा आकडा चार दिवसांचं विचारतच नाही. लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून तो सरळ मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढतो. त्यात आखाजी, तीन लग्नं, एक बारसं आणि शेगावची एक फेरी असं सगळं होतं.

त्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, “पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.” मी सगळी कपाटं, खिसे, गाडीची डिक्की धुंडाळली. डिक्कीतल्या गोळ्या मे महिन्याच्या उन्हात पाकिटातच मऊ पडल्या होत्या. पिशवी कापूस मोजायला आणल्यासारखी टेबलावर ओतली. त्यातून दोन वेगळ्या नावांची दोन पाकिटं डॉक्टरांनी बाजूला काढली. एक आमच्या गावात घेतलेलं, दुसरं खामगावात.

“हे दोन्ही घेता?”

“हो. एक सकाळचं, एक खामगावचं.”

“आत औषध एकच आहे.”

“बघा!” ही मागून म्हणाली. “म्हणून ते त्या दिवशी ओट्यावर झोपले होते.”

जास्तीच्या, मऊ पडलेल्या आणि तारीख हरवलेल्या गोळ्यांचा एक ढीग झाला. तो घरी आणून फेकायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या.

“फेकू नका भाऊजी, आमच्या मामाले शुगर आहे. त्याइले कामी येतीन.”

“अहो, असं कुणाचंही औषध कुणाला चालत नाही. किती आहे त्यांची शुगर?”

“तपासली कुठी? तपासली का निंगते, म्हनून तपासत नाहीत ते.”

“मग शुगर आहे हे कशावरून कळलं?”

वहिनींनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“आता काय सांगू भाऊजी,” त्या म्हणाल्या, “थेट तुमच्यावानी दिसून राह्यले.”